पायाखालचा सांधा



आपल्या बोलण्यात दगडाला मान नाही. ज्याला काही समजत नाही त्याला आपण दगड म्हणतो, ज्याला कणव येत नाही त्याचे काळीज दगडाचे म्हणतो, आणि एखाद्याने आपल्या हाताने नुकसान करून घेतले की त्याने पायावर धोंडा पाडून घेतला म्हणतो. शेतकऱ्याला तर दगड म्हणजे नांगराचा वैरी. वेचून वेचून धुऱ्यावर टाकावा, आणि पुढल्या उन्हाळ्यात वावरात तितकाच पुन्हा वर आलेला पाहावा! असे असूनही आज मी तुमच्याशी दगडाविषयीच बोलणार आहे. आपल्या नागपूर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जे दगड आहेत त्यांच्यात एक फार जुनी हकीकत लिहून ठेवलेली आहे. ती वाचायला जाणत्या माणसांना शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि ती अजून पुरती वाचून झालेली नाही. त्या हकीकतीचा संबंध आपल्या विहिरीच्या पाण्याशी आहे आणि आपण रात्री ज्या भिंतींच्या आत निर्धास्त झोपतो त्या भिंतींशीही आहे.

चला, नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागू. मनाने एस.टी.त बसा, आणि खिडकीजवळची जागा धरा.

निघण्यापूर्वी सीताबर्डीच्या किल्ल्याची टेकडी एकदा पाहून घ्या. तिचा दगड काळा, जड, घट्ट आहे. हा बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त रस वर आला, थरावर थर पसरला आणि निवून दगड झाला. सह्याद्रीचे कडे याचेच, अजिंठा-वेरूळची लेणी यातच कोरलेली, आणि वऱ्हाडची काळी कसदार माती हा दगड झिजूनच झालेली. या काळ्या पाषाणाचा पसारा पश्चिमेकडून येतो आणि नागपूर शहराच्या आसपास संपतो. म्हणजे आपले शहर दोन जगांच्या धुऱ्यावर वसलेले आहे. पश्चिमेला काळा पाषाण, आणि पूर्वेला व उत्तरेला त्याच्याहून कितीतरी जुने खडक. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजाला ज्यांचे नाव दिले आहे ते पाद्री स्टीफन हिस्लॉप धर्मकार्यासाठी येथे आले होते. पण त्यांना दगडांचाही नाद होता. त्यांनी आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी नागपूरच्या आसपासचे खडक आणि खडकांत सापडणारे प्राण्या-वनस्पतींचे अवशेष यांवर १८५५ साली लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात निबंध लिहिला. इकडच्या दगडांची कीर्ती तेव्हापासून बाहेर गेली.

आता गाडी कामठीला आली. येथला दगड वाळूचा, वालुकाश्म. नदीनाल्यांनी वाहून आणलेल्या वाळूचे थर दाबून झालेला. त्याच्या खालच्या थरांत कोळसा आहे; कामठी, सावनेर, उमरेडच्या खाणी त्याच्याच. याचे वय पंचवीस कोटी वर्षांच्या आगेमागे. पुढे कन्हानचा पूल ओलांडून आपण मनसरला पोहोचलो की दृश्य पालटते. टेकड्या उठतात. उजव्या हाताला रामटेकचा डोंगर दिसू लागतो. आता आपण अगदी जुन्या, म्हणजे कोळशाहून कित्येक पटींनी जुन्या खडकांत आलो. भूशास्त्रज्ञ यांना रूपांतरित खडक म्हणतात. हा शब्द नीट समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

कुंभाराच्या आव्यात काय होते ते तुम्ही पाहिलेच आहे. कच्चे मडके मातीचेच, भाजलेले मडकेही मातीचेच. आव्यात माती वितळत नाही. तिचा रस होऊन ती वाहून जात नाही. पण बाहेर आलेले मडके ही पूर्वीची माती राहिलेली नसते. पाण्यात घातले तरी ते पुन्हा चिखल होत नाही. त्याचा रंग बदलला, नाद बदलला, गुण बदलला. तसेच पृथ्वीच्या पोटात घडते. समुद्राच्या तळाशी गाळ साचतो, त्यावर आणखी गाळ साचतो, आणि पुढे जमिनीच्या हालचालीने तो सारा ढीग कित्येक किलोमीटर खोल दाबला जातो. तिथे उष्णता शेकडो अंशांची आणि वरून डोंगरांचे ओझे. त्या आव्यात चिखलाच्या खडकाचा अभ्रकाने चमचमणारा, पापुद्रे सुटणारा दगड होतो; त्याला मराठीत सुभाजा असे नाव दिले आहे. चुनखडीचा संगमरवर होतो. वाळूच्या दगडाचा क्वार्टझाइट होतो, आणि तो इतका कठीण की घणाच्या घावाला ठिणग्या उडाव्यात. आणि उष्णता फारच वाढली की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यापट्ट्यांचा दगड तयार होतो, तो पट्टिताश्म. रामटेकच्या गडाची चढण चढताना पायाखालचा दगड उन्हात चमकतो. ते अभ्रक आहे. कधीकाळचा गाळ आणि वाळू भाजून, दाबून तो डोंगर झालेला आहे.

मनसरच्या खाणीतून निघणारा काळा दगड मात्र सीताबर्डीचा बेसाल्ट नव्हे. हातात घेतला तर त्याचे वजनच वेगळे लागते. ते मँगनीज. पोलाद करताना त्यातली घाण काढायला आणि त्याला बळकटी आणायला मँगनीज लागते. या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ते खणले जात आहे. मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव, भंडारा जिल्ह्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, मध्य प्रदेशातील तिरोडी आणि बालाघाट या सगळ्या खाणी एकाच पट्ट्यातल्या आहेत. १९६२ साली सरकारच्या भागीदारीतून जी कंपनी निघाली आणि जी आज मॉइल या नावाने ओळखली जाते, तिचे मुख्य कार्यालय नागपुरातच आहे.

हे मँगनीज येथे आले कोठून? हा प्रश्न ज्यांनी धसास लावला त्यांचे नाव लुईस ली फर्मर. १९०२ साली वयाच्या बाविसाव्या वर्षी ते भारताच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यात दाखल झाले. मध्य प्रांतातल्या आणि देशातल्या इतर मँगनीजच्या जागा त्यांनी हिंडून पाहिल्या आणि १९०९ साली हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मँगनीजच्या थरांशेजारी त्यांना गारगोटी आणि मँगनीजयुक्त गार्नेट यांचा एक निराळाच खडक आढळला. त्याला नाव काय द्यावे? त्यांनी या मुलखात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या गोंड लोकांवरून त्याला गोंडाइट हे नाव दिले. आज जगात कोठेही असा खडक सापडला की भूशास्त्रज्ञ त्याला गोंडाइटच म्हणतात. फर्मर यांचे म्हणणे असे की, हे मँगनीज मुळात पाण्याच्या तळाशी गाळाबरोबर साचले, आणि पुढे त्या गाळाचे रूपांतर होताना तेही त्यात भाजून निघाले.

शिक्षक बंधुभगिनींना येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. या सगळ्या जुन्या थरांना मिळून सौसर समूह म्हणतात. सौसर हे २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात असलेले आणि आता पांढुर्णा जिल्ह्यातले गाव, आपल्या सीमेपलीकडे पण मराठी बोलणारे. त्या समूहाचे जे पोटविभाग पाडले आहेत त्यांची नावे ऐका: सीतासावंगी, लोहांगी, मनसर, चोरबावली, जुनेवानी, बिछुआ. ही सगळी गावांची नावे! चोरबावली तर आपल्या या रस्त्यावरच लागते. लांबच्या देशातला एखादा विद्यार्थी मध्य भारताचे भूशास्त्र शिकतो तेव्हा त्याला 'चोरबावली' हा शब्द पाठ करावा लागतो. आणि चोरबावलीच्या शाळेतल्या मुलाला जर हे ठाऊक नसेल, तर तो दोष मुलाचा नव्हे.

चोरबावली मागे टाकून, साग-ऐनाच्या जंगलातून गाडी देवलापारला येते. येथे आपण उतरू. आजच्या गोष्टीचा गाभा येथे आहे.

देवलापारच्या टेकड्यांचा नकाशा विल्यम डिक्सन वेस्ट यांनी केला. तेही सर्वेक्षण खात्याचेच भूशास्त्रज्ञ. त्या काळी नकाशा करणे म्हणजे पायी चालणे. ओढ्यात उतरायचे, टेकडीवर चढायचे, दगड फोडून पाहायचा, त्याच्या थराचा कल कोणीकडे आहे तो मोजायचा आणि कागदावर रंग भरायचा. साधा हिशेब असा की, जो थर आधी साचला तो खाली असावा आणि मागून साचला तो वर असावा. कणगीत ज्वारी भरली तर आधीची खाली, नंतरची वर, तसे. पण देवलापारला हा हिशेब जुळेना. जे थर शेजारी शोभले नसते ते शेजारी होते, आणि एकावर एक जसे असायला हवेत तसे नव्हते. वेस्ट यांनी १९३६ साली आपला निष्कर्ष मांडला. येथले काही थर मुळात या जागचे नाहीतच. ते आडव्या रेट्याने दुसरीकडून सरकत येऊन येथल्या थरांवर बसलेले आहेत.

दगडाचे थर सरकत येतात, ही गोष्ट पटायला कठीण आहे खरी. म्हणून घरी एक करून पाहा. ओसरीवर एक गोधडी पसरा. तिच्या एका कडेवर गुडघा टेका आणि समोरची कडा दोन्ही हातांनी तुमच्याकडे रेटा. आधी मधोमध एक वळी उठेल. आणखी रेटली की वळी उंच होईल, मग कलंडेल आणि शेवटी पुढच्या भागावर आडवी पडेल. आता त्या जागी सुरीने उभा छेद घेतला, तर गोधडी एकाखाली एक तीनदा लागेल, आणि मधला पदर उलटा असेल. वरचे कापड खाली आणि खालचे वर! खडकांच्या अशा आडव्या पडलेल्या, कधी मुळापासून तुटून पुढे सरकलेल्या चादरीला भूशास्त्रात नॅप म्हणतात. फ्रेंच भाषेत मेजावर घालायच्या कापडाला हाच शब्द आहे. युरोपात आल्प्स पर्वतात असे प्रकार आधीच माहीत झाले होते. पण तो उंच, तरुण पर्वत. नागपूर जिल्ह्यातल्या बुटक्या, झिजलेल्या टेकड्यांच्या पोटातही तसलीच घडी आहे, हे सांगायला धैर्य लागते. देवलापारच्या रचनेचा पुढे पुन्हा बारकाईने अभ्यास झाला. २००३ सालीही त्यावर नवे संशोधन प्रसिद्ध झाले. जेथे एकदा पर्वत होता तेथे आज सागाचे जंगल आहे. पर्वत झिजून गेला, पण त्याची मुळे राहिली, आणि आपण त्या मुळांवर उभे आहोत.

मग गोधडी रेटणारे हात कोणाचे? आपल्या पृथ्वीचे कवच अखंड नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत आणि ते अतिशय मंद गतीने सरकत असतात. फार प्राचीन काळी आजचा मध्य भारत एकसंध नव्हता. उत्तरेला बुंदेलखंडाकडचा एक जुना भूखंड होता आणि दक्षिणेला बस्तरकडचा दुसरा. ते एकमेकांवर येऊन आदळले, मधला गाळ चेपला, भाजला, दुमडला, आणि दोन्ही मिळून एक भूमी झाली. हे एका दिवसाचे काम नव्हे. कोट्यवधी वर्षे ते चालले, आणि आपल्या सौसर खडकांना शेवटची मोठी आच लागली ती सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी. नर्मदा आणि सातपुड्याच्या अंगाने पूर्व-पश्चिम गेलेला हा रुंद पट्टा म्हणजे भारताच्या मधोमध असलेला सांधा आहे. सुताराने दोन फळ्या जोडाव्यात तसा. पण कोणत्याही जोडकामात सांधा हीच नाजूक जागा असते, हे सुताराला सांगावे लागत नाही. ताण आला की लाकूड सांध्यापाशीच कुरकुरते.

या सांध्यात मोठमोठ्या चिरा आहेत. ज्या चिरेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घासून सरकलेले असतात तिला प्रस्तरभंग म्हणतात. देवलापारच्या वायव्येला छिंदवाडा जिल्ह्यात कन्हान नदीच्या खोऱ्यात अशी एक चीर उघडी दिसते. होय, नागपूरकरांना पाणी पाजणारी तीच कन्हान. तेथून ही चीर पश्चिमेकडे मेळघाटात गाविलगडच्या डोंगरांपर्यंत जाते, म्हणून तिला गाविलगड-तान असे जोडनाव आहे. पूर्वेकडच्या भागात तिच्यातला खडक जात्यात भरडल्यासारखा बारीक आणि तंतुमय झालेला आहे. खोल जमिनीत, उष्णतेने मऊ झालेला दगड दोन भूखंडांच्या घर्षणात असा भरडला जातो. त्याचे शास्त्रीय नाव मायलोनाइट. तेही ग्रीक भाषेतील गिरणी या अर्थाच्या शब्दावरूनच आले आहे.

पण त्याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. या भरडलेल्या खडकात काही ठिकाणी काळ्या, काचेसारख्या बारीक शिरा सापडतात. धार लावणाऱ्याच्या चाकावर विळा टेकला की ठिणग्या उडतात, ते तुम्ही पाहिले आहे. घासण्यातून उष्णता निघते. प्रस्तरभंगाच्या दोन बाजू जेव्हा एकदम, काही क्षणांत, जोराने सरकतात तेव्हा ही उष्णता इतकी होते की दगडच वितळतो. तो रस बारीक फटींत शिरतो आणि तितक्याच चटकन गोठतो. आणि दोन बाजू एकदम सरकणे म्हणजेच भूकंप. तेव्हा ही काळी शीर म्हणजे कोण्या एका प्राचीन भूकंपाचा दगडात राहिलेला डाग होय. गाविलगड-तान पट्ट्यातल्या या शिरांवर अनुपम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की ही चीर एकदाच नव्हे, तर निरनिराळ्या काळी पुन्हा पुन्हा जागी झाली होती. एकदा फाटलेले धोतर पुन्हा त्याच जागी फाटते, तसे.

या चिरेची पश्चिमेकडची बाजू वऱ्हाडातल्या श्रोत्यांनी रोज पाहिलेली आहे. अचलपूर किंवा आकोटकडून उत्तरेला पाहा. सपाट मैदान चालत येते आणि एकदम मेळघाटाचा डोंगर भिंतीसारखा उभा राहतो. मधे चढउतार नाही. याचे कारण त्या पायथ्याशी ही चीर आहे. उत्तरेची बाजू वर राहिली, दक्षिणेची खचली, आणि खचलेल्या भागात पूर्णा नदीने शेकडो मीटर जाडीचा गाळ भरला. ज्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही तो याच गाळाचा मुलूख आहे. सालबर्डीला महादेवाच्या यात्रेला जाणाऱ्यांनी तेथला दगडही एकदा न्याहाळावा. काळ्या पाषाणाच्या खाली दडलेले जुने थर तेथे या उलथापालथीमुळे वर आलेले आहेत.

येथे कोणी म्हणेल, "गुरुजी, शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या गोष्टी उकरून आम्हाला काय लाभ?" प्रश्न रास्त आहे. दोन लाभ सांगतो.

पहिला पाण्याचा. एकाच शिवारात एकाची विहीर चैतापर्यंत टिकते आणि दुसऱ्याची पौषातच तळ दाखवते. आपण नशिबाला बोल लावतो. रूपांतरित खडक स्वतः घट्ट असतो. त्याच्या अंगात पाणी मुरत नाही. पाणी राहते ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि खालच्या चिरांत व सांध्यांत. जेथे मुरूम जाड आणि चिरा पुष्कळ, तेथे विहीर लागते. घट्ट पट्टिताश्मात पाचशे फूट भोक पाडले तरी कोरडेच राहण्याचा संभव. म्हणून विंधणीवर पैसा घालण्यापूर्वी शेजारच्या चार विहिरी उतरून पाहा, कोणत्या खोलीला कोणता दगड लागला ते विचारा आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जाऊन सल्ला घ्या. पाणाड्याच्या हातातल्या काठीपेक्षा शेजाऱ्याच्या विहिरीची भिंत अधिक खरे बोलते.

दुसरा लाभ जिवाचा. मध्य भारताचा हा सांधा अगदीच झोपलेला नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात मोठा भूकंप झाला. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर हादरले. सुमारे चाळीस माणसे दगावली. तो भूकंप जमिनीखाली सुमारे पस्तीस किलोमीटर खोलीवर, नर्मदेकडच्या अशाच जुन्या चिरेत उपजला होता. याचे कारण ऐका. भारताची भूमी आजही उत्तरेकडे हिमालयाला रेटते आहे, वर्षाला चार-पाच सेंटिमीटर, म्हणजे दोन-तीन बोटांची रुंदी. त्या रेट्याचा ताण सगळ्या देशाच्या अंगात साठतो आणि जुना कच्चा दुवा सापडला की तेथे मोकळा होतो.

आणि किल्लारी तर कोणी विसरणार नाही. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून माणसे झोपली होती. पहाट होण्यापूर्वी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे गेली. किल्लारी आपल्या या सांध्यापासून फार दूर आहे. तेथला भूकंप या चिरांचा नव्हे. पण त्यानंतर किल्लारीजवळ जे खोल छिद्र घेण्यात आले त्यात काय निघाले? वर सुमारे ३४० मीटर काळा बेसाल्ट, आणि त्याच्या खाली जुना पट्टिताश्म. म्हणजे काळ्या पाषाणाच्या जाड पांघरुणाखाली साऱ्या महाराष्ट्रभर अशीच जुनी, कधी न पाहिलेली भूमी पसरलेली आहे. नागपूरच्या उत्तरेला ती उघडी आहे, म्हणून आपल्याला वाचता येते. इतरत्र ती झाकलेली आहे. देवलापारच्या टेकडीला महत्त्व आहे ते एवढ्यासाठी.

किल्लारीत माणसे भूकंपाने मेली असे आपण म्हणतो. खरे सांगायचे तर ती पुष्कळशी भिंतींनी मारली. भूकंप उथळ होता, हे खरे. पण घरे कशी होती? हात-दीड हात जाडीच्या, गोल दगडांच्या, मातीत रचलेल्या भिंती. बाहेरचा एक थर, आतला एक थर, मध्ये भर, आणि दोहोंना बांधणारे काही नाही. वर उन्हाळ्यात गारवा देणारे मातीचे जड माळवद. जमीन हलली तशा भिंती दोन बाजूंना फुगून फुटल्या आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली.

वेस्ट यांची येथे पुन्हा आठवण होते. देवलापारचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच्या आदल्याच वर्षी, ३१ मे १९३५ रोजी, बलुचिस्तानात क्वेट्टा शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. हजारो माणसे दगावली. त्या भूकंपाची पाहणी करून अहवाल लिहिला तो याच वेस्ट यांनी. तेथेही हेच दिसले की, कच्च्या बांधणीची घरे ढासळली. पण त्यापूर्वी रेल्वेचे इंजिनियर कुमार यांनी भूकंपाचा विचार करून जी मोजकी घरे बांधली होती ती उभी राहिली. देवलापारला शांतपणे थर मोजणारा माणूस आणि क्वेट्ट्याच्या ढिगाऱ्यात उभा असलेला माणूस एकच होता. दगड कसा सरकतो हे जाणण्याचे मोल त्याला तेथे कळले असेल. पुढे तो सर्वेक्षण खात्याचा प्रमुख झाला आणि निवृत्तीनंतरही मायदेशी न जाता सागरच्या विद्यापीठात त्याने पिढ्यान्‌पिढ्यांना भूशास्त्र शिकवले.

म्हणून, शेतकरी बंधूंनो, भगिनींनो, भिऊ नका. भूकंप अमक्या दिवशी होणार असे सांगणारा कोणी भेटला तर त्याच्यावर विश्वासही ठेवू नका. तो दिवस आज कोणालाच सांगता येत नाही. पण घर बांधताना चार गोष्टी पाळा. दगडी भिंत बांधाल तर दर थरात ठरावीक अंतरावर भिंतीच्या पूर्ण जाडीचा लांब दगड आडवा घाला, म्हणजे आतले आणि बाहेरचे अंग बांधले जाईल. कोपऱ्यांत दगड एकमेकांत गुंतवा. दारे-खिडक्या कोपऱ्याला खेटून काढू नका. त्यांच्या वरून चारही भिंतींना कमरपट्ट्यासारखा सळई घातलेल्या काँक्रीटचा सलग पट्टा फिरवा. आणि छप्पर हलके ठेवा. मातीची भर घालून दरसाल त्याचे ओझे वाढवू नका. यासाठी घराच्या खर्चात पडणारी भर बैलजोडीच्या किमतीपुढे थोडी आहे, आणि ती एकदाच करायची आहे.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. शाळेच्या कपाटात एक फळी दगडांसाठी मोकळी करा. मुलांना आपापल्या वावरातून, नाल्यातून, नवीन खणलेल्या विहिरीच्या मातीतून एकेक दगड आणायला सांगा. खाणीत किंवा राखीव जंगलात मात्र पाठवू नका. प्रत्येक दगडाला गावाचे नाव आणि खोली लिहून चिठ्ठी लावा. मग परीक्षा घ्या. लोखंडी खिळ्याने ओरखडा उठतो का? गारगोटीवर उठणार नाही. उन्हात धरल्यावर चमकून पापुद्रा सुटतो का? ते अभ्रक. दगडाची पूड करून तिच्यावर लिंबू पिळल्यास बुडबुडे येतात का? तो चुन्याच्या कुळातला, बहुधा संगमरवर. पट्टे दिसतात का, आणि ते सरळ आहेत की वळलेले? वळलेले असतील तर मुलांना गोधडीचा प्रयोग दाखवा. दोन-तीन वर्षांत तुमच्या कपाटात गावाच्या जमिनीचा नकाशाच तयार होईल, आणि विहीर खणणारा शेतकरी तो पाहायला शाळेत येईल.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. देवलापारच्या दगडाने टाकीपेक्षा मोठे घाव सोसलेले आहेत. तो समुद्रात साचला, पाताळात भाजला, दोन भूखंडांत चेपला, घडी होऊन पडला, आणि पर्वत होऊन झिजला. त्याला शेंदूर लावण्याची गरज नाही. पुढच्या वेळी नांगराला दगड अडला तर धुऱ्यावर फेकण्यापूर्वी एकदा उलटा करून पाहा, एवढेच माझे मागणे आहे.